पहिलाच आकडा खरा सांगणारा अरुण

अरुण गेल्याचा फोन आला तेव्हा मी श्रीगोंद्याच्या अलीकडे एका लिंबूबागेत उभा होतो. बायकोचं नाव दिसलं आणि मी फोन कापला. सौदा अगदी अडलेल्या जागी आला होता. मालक म्हणत होता, चारशे गोणी सहज निघतील. मी म्हणत होतो, तीनशेच्या वर एक गोणी निघाली तर मिशी उतरवीन. अशा वेळी जो फोन उचलतो तो हरतो, हे मी तीस वर्षांत शिकलोय. दुसऱ्यांदा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मालकच म्हणाला, "घ्या की शेठ, घरचा दिसतोय." मी म्हणालो, "घरचे थांबतात, लिंबू थांबत न्हाई." तो हसला, जरा ढिला पडला आणि मी सौदा उरकला. हातावर हात मारला, विहिरीवर तोंड धुतलं, मग सुमनला फोन लावला. ती रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "आपला अरुण गेला. कधीची सांगायला बघतेय तुम्हाला."

अरुण सुमनचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा. कोकणात नोकरीला होता. समुद्रात जहाजातून तेल सांडलं की किती सांडलं हे ठरवायचं, हे त्याचं काम. कार्यालयात टेबलावरच डोकं टेकलं आणि संपला. चौपन्न वर्षांचा होता. त्याला जाऊन आता सात आठवडे झाले. मी नववीत शाळा सोडलेला माणूस, लिहिण्याची सवय नाही, आणि जवळच्या माणसांवर गोड लिहायची जी रीत आहे ती तर मला जमणारच नाही. पण मी अरुणला एक गोष्ट लिहून द्यायची होती. तो जिवंत असताना दिली नाही. म्हणून हे लिहितोय.

सुमनचं माहेर पारनेर तालुक्यातलं, टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसणारं गाव. अरुण नगरला कॉलेजात शिकत होता तेव्हा सुट्टीत आमच्याकडे काष्टीला यायचा आणि माझ्याबरोबर बागा बघायला हिंडायचा. माझा धंदा त्या वेळी नवा होता. बाजारात पाटी घेऊन बसण्यापासून सुरुवात केली होती, आता उभ्या बागा उक्त्या घ्यायला लागलो होतो. उक्ती म्हणजे झाडावरचा माल नुसत्या नजरेने जोखून एकरकमी घ्यायचा. जास्त निघाला तर आपलं नशीब, कमी निघाला तर आपलं कर्म. झाडाभोवती एक फेरी मारायची, एक फांदी नीट बघायची, बाकीच्या मनात बसवायच्या. हे अरुणने माझ्याकडूनच उचललं. पण दुसरी गोष्ट त्याच्या पचनी पडेना. आमच्या धंद्यात मनातला आकडा वेगळा आणि तोंडातला वेगळा. मी मनात साडेतीनशे धरले की तोंडाने अडीचशे म्हणणार. मालकालाही साडेतीनशेच माहीत असतात, तो साडेचारशे म्हणणार. मग दोघं ओरडत, उठत, बसत मध्यावर येणार. यात कोणी कोणाला फसवत नाही. सगळ्यांना माहीत असतं की पहिला आकडा खरा नसतोच.

एकदा एका म्हाताऱ्या मालकाने गंमत म्हणून त्यालाच विचारलं, "पाव्हनं, तुमी कालिजात हाय. तुमचा अंदाज काय?" अरुणने बाग फिरून पाहिली आणि सरळ सांगून टाकलं, "तीनशे दहा." माझ्या मनात तीनशेच होते. मी मालकाला दोनशे वीस सांगून बसलो होतो. म्हाताऱ्याने टाळी वाजवली आणि म्हणाला, "शेठ, मेव्हना मातर झ्याक मिळाला तुमाला!" वाटेत मी अरुणला इतक्या शिव्या घातल्या की मोटारसायकल दोनदा थांबवावी लागली. तो शांतपणे म्हणाला, "दाजी, त्यांनी मला विचारलं होतं, किती आहेत. किती सांगू, असं नव्हतं विचारलं." मी म्हणालो, "तुला धंदा न्हाई जमायचा." तो म्हणाला, "न्हाईच जमायचा."

पुढे तो शिकत गेला आणि त्या समुद्राच्या नोकरीत लागला. गावात चेष्टा व्हायची, टँकरच्या पाण्यावर वाढलेला माणूस समुद्र मोजतो म्हणून. तोही हसायचा. एका दिवाळीत मी त्याला विचारलं की बाबा, समुद्रावर पसरलेलं तेल मोजतात तरी कसं. तो उठला, बैलांच्या हौदाजवळ गेला, आमच्या पंपाचं जळकं ऑईल मागून घेतलं आणि माझी पाठ असताना हौदात काहीतरी टाकलं. मी वळून पाहिलं तर अख्ख्या हौदावर रंगीत साय पसरलेली. "दाजी, किती टाकलं?" मी वीस वर्षं नजरेवर जगलेला माणूस. म्हणालो, "पाव लिटरला कमी न्हाई." त्याने माझ्यापुढे चहाचा चमचा धरला. "एवढं. तेही भरून न्हाई." गडी हसले आणि माझं डोकं फिरलं. पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो बोलत होता, अगदी मन लावून. चंदेरी, रंगीबेरंगी साय मैलोन्मैल दिसते, लोक घाबरतात, पण तिच्यात तेल नावालाच असतं. खरं तेल काळ्या-तपकिरी दाट पट्ट्यांत असतं, ते थोड्याच जागेत दिसतं. त्याहून वाईट म्हणजे काही दिवसांनी ते लाटांनी घुसळून निघतं, पाण्याशी मिसळून लोण्यासारखं होतं, किनाऱ्याला लागतं, चिखलात उतरतं. मग विमानातून पाहिलं तर पाणी स्वच्छ! जहाजवाले फोटो दाखवून म्हणतात, गेलं की तेल, होतंच किती? "म्हणून मी चिखलात जातो," तो म्हणाला, "नळी खुपसून खालचा गाळ काढून बघतो. आकडा तिथं सापडतो."

मी तेव्हा म्हणालो होतो, "मंजे तू पण बागच जोखतो." त्याला ते फार आवडलं. नंतर कित्येकांना सांगायचा, अंदाज करायला मी आमच्या दाजींकडे शिकलो. साहेब लोकांतसुद्धा सांगायचा. हे वाक्य त्याला पुढे किती महाग पडणार होतं ते त्याला ठाऊक नव्हतं, मला तर नव्हतंच.

आता माझ्या रागाची गोष्ट. ती सांगताना मी आजवर दर वेळी स्वतःला बरोबर धरलं आहे, म्हणून या वेळी झाली तशी सांगतो. तोवर मी स्वतःची पाच एकर लिंबूबाग केली होती. एका वर्षी गारपीट झाली. पंचनाम्याला माणसं आली, गाव गोळा झालं. मी छाती काढून म्हणालो, सगळी बाग गेली. नेमका अरुण रजेवर आला होता. मीच त्याला पुढे केला, "हे आमचे मेहुणे, सरकारी अंदाजाचं काम करतात, हे सांगतील." मला वाटलं होतं तो मान हलवेल. त्याने दोरी मागितली. चार खुंट्यांना बांधून चौकट केली, एका झाडाखाली टाकली, आतली पडलेली लिंबं मोजली, मग वरची फांदी मोजली. असं दहा झाडांखाली केलं. गाव बघत होतं. मग सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, चार आणे माल पडलाय. बारा आणे झाडावरच आहे."

कोणीतरी मागून म्हणालं, "शेठची बाग उठून उभी राह्यली की!" मी त्या दिवशी पहिल्यांदा गावात मान खाली घातली. घरी येऊन त्याच्यावर तुटून पडलो. म्हणालो, तुला कॉलेजची फी कमी पडली तेव्हा कोणी दिली होती? घरचं खाऊन बाहेरची साक्ष देतोस? तो म्हणाला, "शेजारच्या नामदेवकाकांची खरंच सगळी बाग गेलीय. तुमचं पन सगळंच लिहिलं तर त्यांचं कुणी खरं मानंल का?" नामदेवची बाग मला दिसली नव्हती असं नाही. पण मी तिकडे बघत नव्हतो. त्या दिवसापासून मी मनात गाठ मारली. अरुण यायचा, सुमनच्या हातचं जेवायचा, मी ताटावरून उठून जायचो. "आमचा साहेब" म्हणायचो, टोचून. तो ऐकून घ्यायचा.

अशी तीनेक वर्षं गेली. मग कोकण किनाऱ्यावर एका खाडीच्या तोंडाशी एक जहाज फुटलं. अरुण त्या कामावर होता. जहाजवाल्यांनी सांगितलं त्याच्या तिप्पट तेल सांडलं आहे असा त्याचा अंदाज होता, आणि बहुतेक खाडीच्या चिखलात उतरलं आहे, असं. आकडा मोठा ठरला तर सफाई लांब चालणार, सगळी खाडी धुऊन काढावी लागणार. लहान ठरला तर किनाऱ्यावरचं दिसणारं पुसलं की मोकळे. सुमनला तो फोनवर सांगायचा, कोळ्यांची जाळी काळी येतात, बायका शिंपल्या काढायला उतरतात तर पोटऱ्यांना डांबर लागतं. मी बाजूला बसून ऐकायचो आणि न ऐकल्यासारखं करायचो.

त्या दिवसांत माझ्याकडे एक गृहस्थ आले. मुंबईच्या बाजारातल्या एका ओळखीच्या अडत्याने पाठवलेले. शिर्डीला दर्शनाला आलो होतो, म्हणाले, म्हटलं तुमची बाग बघून जावी. शिर्डीहून मुंबईच्या वाटेवर काष्टी लागत नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं... मी लक्षात घेतलं नाही. पांढरा शर्ट, गोड बोलणं. लिंबाचा भाव विचारला, माझ्या नजरेचं कौतुक केलं. म्हणाले, "अरुणसाहेब तुमचं नाव नेहमी काढतात. अंदाज तुमच्याकडे शिकले म्हणे." मी फुगलो. आणि फुगल्याबरोबर ती गारपीट वर आली. मी म्हणालो, "शिकला, पन अर्धंच. आमच्यात पहिला आकडा कधी खरा नसतो साहेब. तिप्पट म्हनतोय ना? निम्मं धरा. बसेल बरोबर." ते हसले. मीही हसलो. त्यांनी चहा घेतला, दोन डझन लिंबं भेट दिली तर नको नको म्हणत गाडीत ठेवली.

मी काय केलं हे मला तेव्हा समजलं नाही असं म्हणायची सोय आहे. मी ती घेणार नाही. माणूस जहाजवाल्यांचा होता हे मला त्याच्या बुटांवरून कळलं होतं. मला एवढंच हवं होतं की अरुणला एकदा, एकदाच, चारचौघांत मान खाली घालायला लागावी.

पंधरा दिवसांनी अरुणचा फोन आला. माझ्या फोनवर, सुमनच्या नाही. "दाजी, आपल्याकडे कुणी मुंबईचं आलं होतं का?" मी म्हणालो, "माझ्याकडं रोज पन्नास माणसं येत्यात." "माझ्या कामाबद्दल काही विचारलं?" "न्हाई."  तो म्हणाला, "बरं. आक्काला सांगा, फोन केला होता." बस्स.

तेल किती सांडलं हे ठरवायच्या बैठकीत काय झालं ते मला विद्याने सांगितलं, अरुणच्या बायकोने, दहाव्याच्या दिवशी. जहाजवाल्यांच्या बाजूने विचारलं गेलं, तुम्ही अंदाज करायला कोणाकडे शिकलात? एका लिंबू व्यापाऱ्याकडे, हे खरं का? अरुण म्हणाला, खरं. तो व्यापारी, तुमचे दाजी, म्हणतात की तुमच्यात पहिला आकडा फुगवून सांगायची रीत आहे. हे खरं का? अरुण म्हणाला, त्यांच्या धंद्यात आहे, माझ्या कामात नाही. लोक हसले. मग शहाण्या माणसांनी केलं तेच जे मी रोज करतो. दोन्ही आकड्यांच्या मधला धरला. किनारा पुसला, फोटो काढले, सफाई थांबवली. खाडीचा चिखल तसाच राहिला. अरुणला मोजणीवरून काढून टेबलाच्या कामावर बसवलं. "त्यांनी घरात कधी तुमचं नाव काढलं नाही," विद्या म्हणाली. "मला त्यांच्या सोबतच्या माणसाकडून कळलं. मी चिडले तर मलाच म्हणाले, आक्काला सांगू नको." सुमन माझ्या शेजारी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. अजूनही नीट पाहत नाही.

तो जाण्याच्या पाच महिने आधी काष्टीला आला होता. ती आमची शेवटची भेट. गाळाचे नवे नमुने त्याने रजेच्या दिवशी, स्वतःच्या पायांनी जाऊन काढले होते, आणि फेरतपासणीचा अर्ज केला होता. अर्जाबरोबर त्याला माझा एक कागद हवा होता. घरून टाईप करून आणला होता, दोनच ओळी. 'अरुण यांच्या अंदाजाबद्दल मी बोललो ते माहितीवरून नव्हे, रागातून बोललो. त्यांनी कोणताही आकडा फुगवून सांगितल्याचे मी कधी पाहिलेले नाही.' खाली माझं नाव. म्हणजे त्याला सगळं माहीत होतं, पहिल्या दिवसापासून. मला वाटलं होतं तो भांडेल. तो म्हणाला, "दाजी, झालं ते झालं. ह्याच्यावर फक्त सही करा. खाडी अजून तशीच आहे."

आणि मी सौदा सुरू केला. दुसरं काही मला येतच नाही. म्हणालो, "करतो की. पन आधी माझ्यासंगं चल गावात, अन् त्या चार मान्सांपुढं सांग, गारपिटीत तुझी मोजनी चुकली व्हती." तो म्हणाला, "चुकली नव्हती, दाजी." "मग माझं बोलनं पन चुकलं नव्हतं." सुमन आतून म्हणाली, "अहो, काय मागतोय तो, करा ना." मी तिच्यावर ओरडलो. अरुणने कागदाची घडी केली, बॅगेत ठेवला, बहिणीच्या पाया पडला आणि उठला.

मी त्याला जाऊ दिलं. का, ते सांगतो, कारण हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्या सौद्यात माणूस उठून जातो तो परत येण्यासाठीच. तो फाटकापर्यंत जातो, चप्पल घालतो, उगाच घुटमळतो, आणि मग एकाने हाक मारायची असते. आधी हाक मारेल त्याचा भाव पडतो. मी आयुष्यात आधी हाक मारलेली नाही. अरुण फाटकाशी गेला, कडी लावली, गाडीत बसला. मी खाटेवर बसून होतो. येईल परत, म्हटलं. रात्री फोन करेल. उद्या करेल. बहिणीसाठी करेल. मी पाच महिने वाट पाहिली, आणि त्या पाच महिन्यांत मला एकदाही वाटलं नाही की तो सौदा करायला आलाच नव्हता.

दहाव्यानंतर विद्याने त्याची बॅग उघडली तेव्हा कागद निघाला. घडीवर जरा मळला होता. मी तिथेच सही केली आणि नगरला जाऊन रजिस्टर पोस्टाने पाठवला. वीस दिवसांनी कार्यालयाचं उत्तर आलं. अर्जदार हयात नसल्याने प्रकरण नस्तीबद्ध करण्यात आले आहे. म्हणजे फाईल बंद. मी फोन करून भांडलो, माझ्या नेहमीच्या आवाजात. पलीकडचा माणूस सभ्य होता. म्हणाला, "काका, तुमचा कागद सहा महिन्यांपूर्वी आला असता तर जोडला असता."

त्या दोन ओळी म्हणून मी वर तुमच्यापुढे छापायला दिल्या आहेत. त्यांचा आता कोणाला उपयोग नाही, हे मला कळतं. तरी ज्या कोळ्यांच्या खाडीत तेल राहिलं त्यांच्यापैकी कोणी वाचलं तर त्यांना कळावं की त्यांच्या बाजूचा माणूस खरं सांगत होता. त्याला खोटं पाडणारा मी होतो.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा धंद्यावर निघालो. मांडवगणच्या रस्त्याला एका बाईंची बाग होती, एकट्या बघतात, हिशेबाला पक्क्या. मी दोन तास फिरलो. झाडन् झाड पाहिलं, खालचं गवत बाजूला सारून पाहिलं. बाईंनी विचारलं, "बोला शेठ, किती धरता?"

मी म्हणालो, "दोनशे ऐंशी."

त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "मंजे साडेतीनशेच्या वर हायेत. मला काय येडी समजता काय?"

"दोनशे ऐंशीच हायेत, ताई. खरं सांगतोय."

"तुमचं नाव काय मला आज कळलं व्हय? काष्टीचा शेठ पयलाच आकडा खरा सांगतो, हे कुनी ऐकलंय का कधी? बोला, बोला. वर या."

 त्या बांधावर बसल्या, डबीतून तंबाखू काढली, मळली, आणि माझ्या पुढच्या आकड्याची वाट बघत राहिल्या. माझ्याजवळ पुढचा आकडा नव्हता.